दगडांतील वर्गणीची वही

श्रोतेहो, सार्वजनिक कार्यासाठीं वर्गणी गोळा करण्याचा प्रसंग आयुष्यांत एकदांहि ज्याच्यावर आला नाहीं, असा गृहस्थ शहरांत विरळाच. गणेशोत्सव असो, वाचनालय असो, आळींतील व्यायामशाळा असो, किंवा एखाद्या होतकरू विद्यार्थ्याचें शिक्षण असो. चार मंडळी जमतात, वही आणली जाते, पहिल्या पानावर श्रीकार घातला जातो, आणि मग पहिला आंकडा कोणीं घालावयाचा हा प्रश्न निघतांच सर्वांचे डोळे सतरंजीकडे वळतात. पुढें काय होतें तेंहि आपणांस ठाऊक आहे. कांहीं फंड पुरे होतात, कांहीं अर्धवट राहतात, आणि कांहीं फंडांत पैसे जमतात खरे, पण माणसें मात्र दुरावतात. या तिसऱ्या प्रकारच्या एका फंडाचा मी एके काळीं चिटणीस होतों. माझें काय चुकलें हें मला फार उशिरां उमगलें, आणि तें उमगलें कार्ल्याच्या डोंगरावर. तेथें सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींची एक वर्गणीची वही आहे. ती कागदाची नाहीं, दगडाची आहे. आज तीच आपल्यापुढें उघडून वाचण्याचा माझा विचार आहे.

आधीं माझी गोष्ट सांगून टाकतों. कारण दुसऱ्यांस उपदेश करणाऱ्यानें आपली चूक अगोदर पदरांत घ्यावी हें बरें.

मी मॅट्रिक होऊन शिक्षकाच्या पेशांत शिरलों तेव्हां माझी नेमणूक मावळांतील एका खेड्यांत झाली. शाळेला लागून वाचनालयासाठीं एक खोली बांधावी असें गांवकऱ्यांच्या मनांत आलें, आणि लिहितांवाचतां येणारा मनुष्य म्हणून चिटणिसाचें काम माझ्याकडे आलें. मीं उत्साहानें एक फळा रंगवून घेतला. त्यावर देणगीदारांचीं नांवें आणि प्रत्येकाच्या नांवापुढें रक्कम लिहिली. मोठी रक्कम वर, लहान रक्कम खालीं. वरच्या ओळींत एका सधन व्यापाऱ्याचें नांव होतें. अगदीं शेवटच्या ओळींत गोवऱ्या थापून विकणाऱ्या एका वृद्ध बाईचें नांव होतें, आणि त्यापुढें सव्वा रुपया हा आंकडा होता. फळा लागल्यावर आठ दिवसांनीं ती बाई शाळेच्या पायरीशीं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “गुरुजी, माझं नांव तेवढं पुसून टाका. पोरं हसत्यात.” मीं तिची समजूत घालण्याचा प्रयत्न केला, पण अखेर तिच्यादेखत नांव पुसावें लागलें.

इकडे देणाऱ्यांच्या रकमा मीं चव्हाट्यावर मांडल्या होत्या. आणि खर्चाचा हिशेब मात्र माझ्या ट्रंकेंत, कुलुपांत होता. तो हिशेब चोख होता हें मी आजहि शपथेवर सांगेन. पण विटांचा दर वाढला, कुजबूज सुरू झाली, आणि कोणीसें हिशेब दाखवा म्हणतांच माझा अभिमान दुखावला. “माझ्यावर विश्वास नाहीं काय?” असें मीं विचारलें. दोन महिन्यांनीं राग ओसरल्यावर वही बाहेर काढली, तेव्हां ती खरी मानावयास कोणी तयार नव्हतें. मावळचा पाऊस कोणासाठीं थांबत नाहीं. भिंती उभ्या होत्या, छप्पर नव्हतें. त्या पावसाळ्यांत त्या भिंतींची माती झाली.

आतां कार्ल्याकडे वळूं.

मुंबईहून पुण्याकडे येतांना लोणावळ्याच्या पुढें मळवली हें लहानसें स्टेशन लागतें. तेथून उत्तरेच्या डोंगरांत कार्ल्याचीं लेणीं आहेत. चैत्यगृहाच्या अगदीं दाराशीं एकवीरा देवीचें देऊळ आहे आणि कोंकणपट्टींतील कोळी बांधव व इतर अनेक भाविक मोठ्या श्रद्धेनें तेथें येतात. दर्शन झाल्यावर बरीच मंडळी शेजारच्या लेण्यांत डोकावतात आणि पांडवांनीं एका रात्रींत केलेल्या बांधकामाची ऐकीव कथा एकमेकांस सांगत डोंगर उतरतात. कथा गोड आहे. परंतु लेण्याच्या दगडावर जें लिहिलें आहे तें मला तिच्याहून गोड वाटतें. कारण तेथें एका रात्रीचा चमत्कार नाहीं, आणि पांच वीरांचा पराक्रमहि नाहीं. तेथें गांवोगांवच्या साध्या माणसांनीं मिळून केलेलें एक काम आहे.

काम तरी केवढें! हें चैत्यगृह इ. स. च्या पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलें गेलें. लांबी सुमारें १२४ फूट, रुंदी आणि उंची प्रत्येकीं सुमारें ४५ फूट. आंत खांब ३७. दोन्ही बाजूंस पंधरा-पंधरा, आणि स्तूपाच्या पाठीमागें सात. वर छताला लाकडी कमानी आहेत, त्याहि मूळच्याच. घर बांधतांना खालून वर चढत जावें लागतें; लेणें कोरतांना वरून खालीं उतरत यावें लागतें. चुकीचा घाव बसला तर दगड पुन्हा जोडतां येत नाहीं, आणि काम अर्ध्यावर थांबलें तर डोंगरांत एक ओबडधोबड खळगा तेवढा राहतो. असें काम वर्षानुवर्षें चालू ठेवावयाचें म्हणजे पैशाचा ओघ सतत हवा. तो कोठून आला?

त्याचें उत्तर ब्राह्मी लिपींत, प्राकृत भाषेंत, खांबाखांबांवर कोरलेलें आहे. व्हरांड्याच्या भिंतीवरील एक लेख सांगतो कीं, वैजयंतीच्या भूतपाल नांवाच्या श्रेष्ठीनें हें शैलगृह सिद्धीस नेलें आणि तें जंबुद्वीपांत उत्तम आहे. वैजयंती म्हणजे कर्नाटकांतील बनवासी. एवढाच लेख वाचला तर वाटेल कीं, एका धनिक शेटजींनीं सर्व खर्च केला आणि आपली पाटी लावली. पण दोन पावलें आंत टाकावींत. पहिला खांब एकाचा, दुसरा दुसऱ्याचा, तिसरा आणखी कोणाचा! ज्या शेटजींनीं संपूर्ण लेण्याला जंबुद्वीपांत उत्तम म्हटलें, त्यांच्या लेण्यांतले खांब मात्र इतरांच्या नांवांचे आहेत. आणि त्यांत शेटजींना कांहीं कमीपणा वाटल्याचें दिसत नाहीं.

हे इतर लोक कोण होते? बाहेरच्या प्रांगणांत चार सिंहांचा उंच स्तंभ उभा आहे. तो गोतीचा पुत्र महारथी अग्निमित्रणक याचें दान. महारथी म्हणजे त्या काळचा मोठा सरदार. व्हरांड्यांतील हत्ती व त्यांच्या वरच्या-खालच्या वेदिका, म्हणजे कठड्यासारखें नक्षीकाम, हें इंद्रदेव नांवाच्या स्थविर भिक्षूचें दान. दाराचें दान धेनुकाकट गांवच्या सिंहदत्त नांवाच्या गंध्याचें, म्हणजे अत्तरें-सुगंधी पदार्थ विकणाऱ्याचें. एक वेदिका कोडी नांवाच्या भिक्षुणीची; तिची ओळख ‘घुणिकाची आई’ अशी दिली आहे. आणखी एक वेदिका आषाढमित्रा भिक्षुणीची. शूर्पारकाहून, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याजवळील सोपाऱ्याहून, आलेल्या सातिमित नांवाच्या धर्मग्रंथ म्हणणाऱ्या भिक्षूनें एक खांब दिला आणि त्यांत पवित्र अस्थि ठेवल्या. एक खांब कोणा एकाचा नाहींच; तो धेनुकाकटच्या वाणियगामाचा, म्हणजे व्यापाऱ्यांच्या संघाचा आहे. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर बाजारपेठेंतल्या मंडळानें मिळून दिलेला.

याहून नवल वाटावें अशी गोष्ट पुढेंच आहे. अनेक खांबांवर देणाऱ्याच्या नांवाआधीं ‘यवन’ हा शब्द आहे. यवन म्हणजे मूळचे ग्रीक, किंवा सामान्यपणें पश्चिमेकडून समुद्रमार्गें आलेले परदेशी. धेनुकाकट नगर नेमकें कोठें होतें याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. पण तेथें या यवनांची चांगली वस्ती असावी असें दिसतें. त्यांचीं नांवें मात्र सिंहध्वज, यशोवर्धन, धर्म अशीं या मातींतलीं आहेत. परक्या मुलुखांतून आलेले हे लोक, आणि त्यांचे खांब व्यापाऱ्यांच्या, भिक्षूंच्या खांबांशेजारीं एकाच रांगेंत, एकाच छताचा भार घेऊन उभे आहेत. कोणता यवनाचा आणि कोणता वाण्याचा हें अक्षरें वाचल्यावांचून ओळखूं येत नाहीं.

श्रोतेहो, माझ्या शाळेंतील मुलांना घेऊन मी त्या फंडानंतर दुसऱ्या वर्षीं सहलीस कार्ल्याला गेलों होतों. लेखांचीं भाषांतरें एका पुस्तकांतून उतरून नेलीं होतीं, तीं मुलांना वाचून दाखवीत होतों. तेवढ्यांत एका मुलानें विचारलें, “गुरुजी, यांत रुपये कुठं लिहिले आहेत?” मी पुन्हा एकदां कागद वर-खालीं पाहिला. रुपये कोठेंच नव्हते! अमक्या गांवच्या अमक्याचें दान, खांब. अमकीचें दान, वेदिका. बस्स. सिंहस्तंभाला किती खर्च आला आणि भिक्षुणीच्या वेदिकेला किती, याचा एकहि आंकडा त्या चैत्यगृहाच्या दानलेखांत नाहीं. महारथ्याच्या लेखांत आणि घुणिकाच्या आईच्या लेखांत ‘दान’ हा शब्द एकच आहे.

मला माझा फळा आठवला. त्या क्षणीं मुलांच्या पुढें उभें राहणेंहि मला जड झालें.

यांतील मर्म असें. माणसाला रकमेची विभागणी दिली तर तो शेजाऱ्याच्या रकमेकडे पाहतो. कामाची विभागणी दिली तर तो आपल्या कामाकडे पाहतो. शंभर रुपयांपुढें सव्वा रुपया लाजतो. पण खांबापुढें कठडा लाजत नाहीं. कारण कठडा हा कठडाच आहे, आणि तो नसेल तर ती जागा उघडी राहते. कार्ल्याला ज्यांनीं वर्गणी मागितली असेल त्यांनीं ‘यथाशक्ति कांहीं द्या’ असें मोघम मागितलें नसावें. ‘हा खांब आपण घ्या, हें दार आपण घ्या’ असें नेमकें मागितलें असावें, असा तर्क त्या लेखांवरून सहज निघतो. शिवाय केवळ पैसे देणाऱ्यांचीं नांवें तेथें आहेत असेंहि नाहीं. दाराशींच वेणुवासाचा पुत्र सामि या सुताराचें नांव आहे. दार त्यानें केलें. कोडी भिक्षुणीच्या लेखांत, ती वेदिका नंदिकानें केली, असें नमूद आहे. ज्याचे हात राबले त्याचेंहि ऋण मानलें गेलें. आपल्या वार्षिक अहवालांत देणगीदारांची यादी असते. सतरंज्या घालणाऱ्याचें नांव कितीदां असतें?

येथें कोणी शंका काढील कीं, आंकडे लिहूंच नयेत तर हिशेबाचें काय? या शंकेचें उत्तर आपल्याच महाराष्ट्रांत, नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. तेथील दहाव्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा एक लेख आहे. वर्ष ४२ असें त्यांत दिलें आहे. तो शक धरला तर इ. स. १२० होतें. उषवदातानें लेणें दिलें, आणि एवढ्यावर तो थांबला नाहीं. वर्षाकाळीं तेथें राहणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रांची सोय पुढेंहि चालावी म्हणून त्यानें ३००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यवसायसंघांकडे, ठेव म्हणून ठेवले. २००० एका श्रेणीकडे, दरमहा दरशेंकडा एक या व्याजानें. १००० दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा दरशेंकडा पाऊण या व्याजानें. मूळ रक्कम परत द्यावयाची नाहीं, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, अशी स्पष्ट अट आहे.

मी गणिताचा शिक्षक, त्यामुळें मला हिशेब करून पाहिल्याशिवाय राहवलें नाहीं. आपणहि करून पाहा. २००० वर शेंकडा एक म्हणजे महिन्यास २० आणि वर्षास २४०. लेख म्हणतो कीं, या रकमेंतून वीस भिक्षूंना प्रत्येकीं १२ कार्षापण वस्त्रांसाठीं द्यावे. वीस बारें दोनशें चाळीस! एक कार्षापण कमी नाहीं, एक जास्त नाहीं. दुसऱ्या हजारावर पाऊण टक्क्यानें वर्षास नव्वद येतात. ते त्यांच्या इतर खर्चासाठीं. आणि मग लेखांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट येते. हें सर्व निगमसभेंत, म्हणजे नगराच्या सभेंत, वाचून ऐकविलें आणि रीतीप्रमाणें नोंदणीच्या कचेरींत नोंदविलें. राजाचा जावई, पण त्याचाहि व्यवहार सभेंत मोठ्यानें वाचला गेला!

पाहिलेंत? आंकडे आहेत, पण कोठें आहेत तें पाहा. कार्ल्याच्या खांबावर, जेथें आंकड्यानें माणसामाणसांत तुलना झाली असती, तेथें आंकडा नाहीं. नाशिकच्या लेखांत, जेथें पैसा दुसऱ्याच्या ताब्यांत राहणार आहे, तेथें मुद्दल, दर, मुदत आणि खर्चाचें कारण हें सारें दगडावर आहे. देणाऱ्याचा आंकडा झांकावा. सांभाळणाऱ्याचा आंकडा उघडा ठेवावा. मीं माझ्या खेड्यांत याच्या अगदीं उलट केलें होतें.

आणखी एक धडा येथेंच घेण्यासारखा आहे. इमारत उभी करण्यास पैसे मिळतात. ती चालविण्यास मिळत नाहींत. उद्घाटनाला हार असतो, दिव्याच्या तेलाला कोण हार घालणार? कार्ल्याचें प्राचीन नांव वलूरक. त्या वलूरकच्या लेण्यांत वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या पोषणासाठीं याच उषवदातानें करजिक नांवाचा गांव दिल्याचा लेख कार्ल्याच्या भिंतीवर आहे. खांब देणारे वेगळे आणि चालता खर्च पाहणारा वेगळा, पण दोन्ही गोष्टी एकाच भिंतींच्या आड नोंदल्या आहेत. वाचनालय काढतांना पुस्तकांच्या किंमतीबरोबर दरमहाच्या दिवाबत्तीचा विचार पहिल्याच बैठकींत करावा, हें शहाणपण तेव्हांच्या लोकांस होतें.

हें सारें फार जुनें झालें, आजच्या काळास तें काय उपयोगी, असें कोणास वाटेल. त्यांनीं कार्ल्याहून त्याच मावळांत थोडें पूर्वेस, तळेगांव दाभाडे येथें यावें. विसाव्या शतकाच्या आरंभीं अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनीं पैसा फंडाची कल्पना काढली. स्वदेशी उद्योगधंदे उभारण्यासाठीं प्रत्येक माणसानें वर्षास फक्त एक पैसा द्यावा, एवढीच मागणी. त्या वेळीं रुपयाचे चौसष्ट पैसे होत. म्हणजे एक रुपया जमविण्यास चौसष्ट माणसांच्या दारीं जावें लागे. व्यवहारी मंडळींना हें वेड वाटलें असल्यास नवल नाहीं. पण लोकमान्य टिळकांनीं या कल्पनेला पाठिंबा दिला, आणि त्या पैशा-पैशांतून १९०८ सालीं तळेगांवास काचेचा कारखाना उभा राहिला. जपान व अमेरिका येथें शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हातीं तेथील काम देण्यांत आलें. तेथें नुसत्या काचा तयार झाल्या नाहींत. काचकाम शिकलेले कारागीर तयार झाले आणि ते पुढें देशभर पसरले.

कार्ल्यानें आंकडा लिहिलाच नाहीं. काळ्यांनीं सर्वांचा आंकडा एकच ठेवला. वाटा निराळ्या, पण पोंचल्या एकाच ठिकाणीं. श्रीमंताचा पैसा आणि मोलकरणीचा पैसा तेथें सारखाच वाजला. आणि पैशाचें काय झालें असें कोणी विचारलें तर त्याला तळेगांवचा कारखाना दाखवितां येत होता.

आतां माझी अर्धी राहिलेली गोष्ट पुरी करतों. कार्ल्याहून परतल्यावर एका वर्षानें आम्हीं त्या खोलीचें काम पुन्हा हातीं घेतलें. या वेळीं फळा रंगविला नाहीं. खोलीला काय काय लागतें याची यादी केली: दोन दारें, चार खिडक्या, इतके वासे, इतक्या रिपा, इतकीं मंगलोरी कौलें, एक कपाट, दोन बांकें. घरोघर जाऊन विचारलें, “यांतलें आपण काय घेतां?” कोणीं दार घेतलें, कोणीं खिडकी घेतली, पुष्कळांनीं दहा-दहा, वीस-वीस कौलें घेतलीं. ज्यांच्यापाशीं कांहींच नव्हतें त्यांनीं चार दिवस अंगमेहनत दिली, आणि त्यांचीं नांवें त्याच यादींत, त्याच शाईनें लिहिलीं. खर्चाचा कागद दर बाजाराच्या दिवशीं चावडीच्या भिंतीवर डकविला. पहिल्याच आठवड्यांत त्यांत एक चूक निघाली. माझीच बेरीज चुकली होती. एका शेतकऱ्यानें ती दाखविली, मीं ती सर्वांसमक्ष दुरुस्त केली, आणि त्या दिवसापासून कुजबूज बंद झाली. चूक निघाल्यानें विश्वास वाढतो, हें मला गणित शिकवून इतकीं वर्षें झालीं तरी ठाऊक नव्हतें. मृगाच्या आधीं कौलें चढलीं.

त्या गोवऱ्यावाल्या बाईच्या दारींहि मी गेलों होतों. कौलांची यादी पुढें केली आणि मागची चूक माझी होती असें म्हटलें. तिनें मला ओसरीवर बसविलें, तांब्याभर पाणी दिलें, शाळेंतल्या पोरांची चौकशी केली. यादीकडे तिनें पाहिलें नाहीं, आणि मींहि पुन्हा विचारलें नाहीं. तो माझा न फिटलेला हिशेब आहे.

कार्ल्याला आतां जाल तेव्हां देवीचें दर्शन अवश्य घ्या. मग क्षणभर चैत्यगृहांत शिरा. कोडी भिक्षुणीचा मुलगा घुणिक कोण होता, तिच्यापाशीं किती धन होतें, हें आज कोणीहि सांगूं शकणार नाहीं. पण तिनें दिलेली वेदिका जागेवर आहे, तिचें नांव जागेवर आहे, आणि तें पुसा असें म्हणण्याची वेळ तिच्यावर कोणीं आणली नाहीं. उद्यां आपल्यापैकीं ज्याच्या हातीं वर्गणीची वही येईल, त्यानें पहिल्या पानावर श्रीकार घालतांना एवढें एक ध्यानांत ठेवावें, अशी विनंती करून मी आपला निरोप घेतों.